बॉयलर गेला, बाहेर धुकं, मनात भूकंपाची भीती: बारा घरांच्या बिल्डिंगने आता काय करायचं?

पत्र असं आहे:

"नमस्कार. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोत इनर सनसेटला राहतो. 1920च्या दशकातली लाकडी बिल्डिंग, खाली गॅरेज, वर तीन मजले, एकूण बारा कॉन्डो. गॅरेजमधला जुना स्टीम बॉयलर या हिवाळ्यात बंद पडला. तसा तो आधीपासूनच त्रास देत होता, आम्ही वरच्या मजल्यावर उकडतं म्हणून जानेवारीत खिडकी उघडायचो आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी दोन स्वेटर घालून बसायच्या. आता एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो नवा गॅस बॉयलर घाला, दुसरा म्हणतो गच्चीवर मोठी सेंट्रल हीट पंप सिस्टीम बसवा, हीटिंग आणि कूलिंग दोन्ही होईल. ऑगस्टमध्ये सासू-सासरे कराडहून येतायत, सप्टेंबरची गरमी त्यांना इथेच लागणार, सासऱ्यांना बीपी आहे. सासूबाईंनी कोयनेचा भूकंप पाहिलाय, त्या फोनवर म्हणाल्या डोक्यावर एवढं वजन चढवू नका गं. आणि मला तर हेच कळत नाही की एवढ्या धुक्यात हीट पंप चालतो तरी का? तीन आठवड्यांनी एचओएची, म्हणजे आमच्या सोसायटीची, मीटिंग आहे. काय सांगू?"

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. नवा गॅस बॉयलर घालू नका, गच्चीवरची मोठी सिस्टीमही नको. घरटी छोटे हीट पंप घ्या, ज्याच्या त्याच्या मीटरवर, आणि त्याच्या आधी बिल्डिंगच्या छताचं आणि गॅरेजच्या सीलिंगचं इन्सुलेशन करून घ्या. अपार्टमेंट बिल्डिंगांची हीटिंग डिझाइन करणं हेच माझं काम आहे, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की लोक मशीनवर एवढा खर्च करतात आणि ज्या भिंतीतून, फटीतून उष्णता जाते तिकडे कोणी बघतच नाही.

धुक्याचं आधी बोलू कारण तो गैरसमज फार जणांना आहे. हीट पंप म्हणजे आपला पुण्या-मुंबईतला स्प्लिट एसीच, फक्त तो उलटाही चालतो, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो. बाहेरची हवा कितीही गार वाटली तरी तिच्यात उष्णता असतेच. अडचण येते ती बाहेर तापमान शून्याच्या आसपास गेलं आणि हवेत ओल असली की, तेव्हा बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि मशीनला मधूनमधून थांबून तो वितळवावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोत ऐन जानेवारीत पहाटे साधारण 8 डिग्री सेल्सियस असतं, 46 फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे ती वेळ क्वचितच येते. या मशीनसाठी अख्ख्या अमेरिकेत याहून सोयीची हवा शोधून सापडायची नाही. विजेचं एक युनिट खाऊन ते इथे सहज तीन युनिट उष्णता देतं. धुक्याने मशीनचं काही बिघडत नाही, बिघडवतं ते समुद्राच्या हवेतलं मीठ. तुम्ही इनर सनसेटला, समुद्रापासून जरा आत आहात म्हणून थोडं बरं, पण ओशन बीचकडून वारा तुमच्याकडेही येतोच, तेव्हा कोटेशन मागतानाच सांगा की बाहेरच्या कॉइलला गंज न लागणारं कोटिंग असलेलं मॉडेल हवं, आणि वर्षातून दोनतीनदा साध्या पाण्याने कॉइल धुवायची सवय ठेवा.

आता गॅस बॉयलर का नको. स्टीम बॉयलर बारा घरांना एकच बटण देतो. तुमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक एक-पाइप सिस्टीम असणार, म्हणजे त्याच पाइपातून वाफ वर जाते आणि त्यातूनच पाणी खाली येतं, आणि प्रत्येक रेडिएटरच्या बाजूला एक छोटा एअर व्हेंट असतो जो सुरू होताना सूंऽऽ असा आवाज करतो. तो व्हेंट रंगाने किंवा गंजाने बुजला की आतली हवा बाहेर पडत नाही, हवा अडून बसली की वाफ आत शिरत नाही, आणि रेडिएटर थंडगार राहतो. आजींचा गारठा अर्धा त्यामुळे असणार आणि अर्धा त्यांच्या पायाखालच्या उघड्या गॅरेजमुळे. कोणीतरी तक्रार केली की थर्मोस्टॅट वाढवायचा, मग तुमच्याकडे भट्टी पेटते आणि तुम्ही खिडकी उघडता. नवा बॉयलर आणलात तरी पाइप तेच, व्हेंट तेच, भांडण तेच.

शिवाय नियमांचं आहे. बे एरिया एअर डिस्ट्रिक्टने, म्हणजे इथल्या हवेचं प्रदूषण बघणाऱ्या सरकारी संस्थेने, 2023 मध्ये ठरवलंय की नायट्रोजन ऑक्साइड सोडणारे छोटे गॅस वॉटर हीटर 2027 पासून, गॅस फर्नेस 2029 पासून आणि तुमच्यासारख्या बिल्डिंगचे मोठे वॉटर हीटर आणि बॉयलर 2031 पासून नव्याने बसवता येणार नाहीत. जे चालू आहे ते काढा असं कोणी म्हणत नाही, दुरुस्तीही करता येते, आणि अशा तारखा पुढेमागे होत असतात म्हणून मीटिंगच्या आधी त्यांच्या साइटवर एकदा बघून घ्या. पण आज गॅसचा बॉयलर घेतलात तर पुढची वीस-पंचवीस वर्षं बारा घरं त्या एका मशीनला बांधली जाणार, त्याला माझा ठाम विरोध आहे.

आता भूकंप. सासूबाईंची भीती अगदी रास्त आहे, 11 डिसेंबर 1967च्या पहाटे ज्यांनी कोयनेचा हादरा अनुभवलाय त्यांना वजनाचं कोणी शिकवायला नको. तुमच्या बिल्डिंगसारखीच, खाली गॅरेजची मोठी उघडी तोंडं आणि वर मजले, अशी घरं 1989च्या लोमा प्रिएटा भूकंपात मरीना भागात खालचा मजला चेपून खाली बसली, तिथे आगी लागल्या, आणि जमिनीखालची गॅसची लाइन इतकी तुटली की ती बदलावी लागली. म्हणूनच शहराने 2013 मध्ये सॉफ्ट-स्टोरी कायदा केला: 1978 पूर्वीची, लाकडी, तीन किंवा जास्त मजल्यांची, पाच किंवा जास्त घरांची बिल्डिंग असेल तर खालचा मजला मजबूत करणं सक्तीचं. तुमची बिल्डिंग त्यात बसायला हवी आणि काम झालेलंही असायला हवं, पण हवेत बोलू नका, शहराच्या बिल्डिंग डिपार्टमेंटच्या साइटवर पत्ता टाकून बघा आणि ड्रॉइंगची कॉपी काढून ठेवा.

ती ड्रॉइंग कशाला हवीत ते सांगतो, कारण हा मुद्दा कुठलाही एसीवाला तुम्हाला सांगणार नाही. रेट्रोफिट, म्हणजे खालच्या मजल्याची ती मजबुती, करताना गॅरेजमधल्या काही भिंतींवर जाड प्लायवूड खिळ्यांच्या ठरावीक ओळींनी ठोकलेला असतो, कुठे स्टीलची चौकट असते. भूकंपाचा आडवा धक्का घ्यायला त्याच भिंती असतात. आणि हीट पंपचे पाइप, ड्रेन, नव्या वायरी न्यायला सगळ्यात सोयीची जागा नेमकी तीच भिंत दिसते, मग कोणीतरी होल-सॉ घेऊन चार-पाच इंचाची भोकं पाडतो आणि वर पांढरा फोम मारून मोकळा होतो. रेट्रोफिटवर खर्च केलेला सगळा पैसा तिथे वाया जाऊ शकतो. तेव्हा कॉन्ट्रॅक्टमध्ये स्पष्ट लिहून घ्या की रेट्रोफिटच्या भिंतीला स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय एकही भोक पडणार नाही.

गच्चीवरच्या मोठ्या सिस्टीमला माझा नकार याच कारणाने आहे. मोठं युनिट काही शे किलोचं असतं, ते शंभर वर्षं जुन्या लाकडी छतावर ठेवायचं म्हणजे छताचं गणित नव्याने करावं लागतं, आणि वजन जितकं वर तितका हादऱ्यात बिल्डिंगवर जोर जास्त. त्या उलट एका घराचं बाहेरचं युनिट 35-40 किलोचं असतं. पण छोटं आहे म्हणून नुसतं रबरी पायांवर ठेवून दिलं असंही चालत नाही बरं का. ते छताच्या खालच्या तुळयांपर्यंत बोल्टने पक्कं झालं पाहिजे, वरच्या डांबरी थरात चार स्क्रू मारले तर युनिटही उडेल आणि छतही गळेल. आवाज कमी करायला स्प्रिंग लावणार असतील तर त्यासोबत स्नबर मागा, म्हणजे स्प्रिंगवरचं मशीन ठरावीक मर्यादेबाहेर उसळू नये म्हणून लावलेले अडथळे, कारण नुसत्या स्प्रिंगवर ठेवलेलं मशीन मोठ्या हादऱ्यात जागेवर राहत नाही. आणि तांब्याचे पाइप जिथे बिल्डिंगमधून युनिटला जोडतात तिथे थोडा सैल वळसा ठेवायला सांगा.

छत टाळून लाइटवेलमध्ये युनिट लावू असं कोणीतरी मीटिंगमध्ये सुचवेल, दोन बिल्डिंगांच्या मधली ती अरुंद विहीर सनसेटमध्ये सगळ्यांकडे असते. एखाद-दुसरं युनिट चालेल, पण बारा नकोत. तिथे हवा खेळत नाही, एका युनिटने सोडलेली गार हवा दुसरं ओढत बसतं आणि सगळ्यांचीच क्षमता घसरते, आणि शेजारच्यांच्या बेडरूमच्या खिडक्या समोरासमोर असतात, रात्रभर घुंऽऽ कोण ऐकून घेणार.

मग बारा घरांचं जमवायचं कसं? इथे खरा अडसर विजेचा असतो. एवढ्या जुन्या बिल्डिंगमध्ये घरटी पॅनेल 60 अँपियरचं किंवा त्याहून लहान असतं, आणि पहिला इलेक्ट्रिशियन येऊन सांगतो की अख्ख्या बिल्डिंगची सर्व्हिस, म्हणजे बाहेरून येणारं विजेचं कनेक्शन, वाढवावी लागेल, त्यात प्रचंड पैसे जातात आणि पीजीअँडई या वीज-गॅस कंपनीकडून काम होईपर्यंत महिनोन्महिने. घाबरू नका, आधी त्याला विचारा की मागच्या एक वर्षाचा स्मार्ट मीटरचा डेटा बघितला का. इलेक्ट्रिकल कोडमध्येच तशी सोय आहे, वर्षभरातला प्रत्यक्ष जास्तीत जास्त लोड घ्यायचा, त्यात 25 टक्के वाढवायचे, नवीन मशीनचा लोड मिळवायचा आणि ते बसतंय का बघायचं. ज्या घरात स्वयंपाक गॅसवर, कपड्यांचा ड्रायर कॉमन, तिथे बऱ्याचदा आरामात बसतं. सनसेटच्या हवेत 800 स्क्वेअर फुटांच्या घराला दोन टन कशाला लागेल? पाऊण टनाचं किंवा एक टनाचं इन्व्हर्टर मशीन बहुतेक पुरतं. कॉन्ट्रॅक्टर मोठं विकायला बघतात, आणि मोठं मशीन अशा सौम्य हवेत सारखं चालू-बंद होत राहतं, लवकर झिजतं आणि हवेतली ओलही नीट काढत नाही.

जिथे पॅनेल अगदीच फुल्ल आहे तिथे दुसरा मार्ग आहे, खिडकीत खोगिरासारखा बसणारा हीट पंप. साध्या 120 व्होल्टच्या प्लगवर चालतो, खिडकी बऱ्यापैकी बंद होते आणि वजन खिडकीच्या कठड्याच्या खाली दोन्ही बाजूंना वाटलं जातं. न्यूयॉर्कच्या सरकारी घरांसाठी 2022 मध्ये अशा 30 हजार युनिटांची योजना ठरली, बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक तुमच्या सॅन फ्रान्सिस्कोचीच. तुमच्या सासऱ्यांसाठी तर मी हेच सांगेन, एचओएचा निर्णय व्हायला वर्ष जाईल, सप्टेंबर थांबणार नाही. त्यांच्या झोपायच्या खोलीत एक असं युनिट लावा. पूर्ण घर गार करायची गरज नसते, एक खोली गार असली की वयस्कर माणसाला दिवस काढता येतो. 1 सप्टेंबर 2017 ला शहरात 106 फॅरनहाइट, म्हणजे 41 डिग्री सेल्सियस झालं होतं आणि त्या दिवसांत वृद्ध माणसं दगावली, कारण इथल्या बहुतेक घरांत एसीच नाही आणि धुक्याच्या सवयीने कोणाची तयारी नसते. कराडच्या माणसाला उन्हाळा काय नवीन असं समजू नका, कराडच्या घरात डोक्यावर पंखा असतो, खिडक्या समोरासमोर असतात, इथे वरच्या मजल्यावर इन्सुलेशन नसलेल्या छताखाली संध्याकाळी बाहेरपेक्षा आत जास्त तापलेलं असतं. मोठा एका नळीचा पोर्टेबल एसी मात्र घेऊ नका, तो आतलीच हवा बाहेर फेकतो आणि तेवढी गरम हवा फटींतून परत आत येते. आणि खिडकीत जे काही लावाल ते ब्रॅकेटने नीट बांधा, खाली फुटपाथ आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरला अजून एक गोष्ट जोडून येते, वणव्यांचा धूर. 9 सप्टेंबर 2020 ला आकाश दिवसभर नारिंगी होतं ते आठवत असेल. एरवी गरमीवर इथलं चांगलं औषध म्हणजे रात्री समुद्राकडची हवा गार झाली की खिडक्या उघडायच्या आणि सकाळी ऊन यायच्या आत बंद करायच्या, पण धूर असला की तो मार्ग बंद. म्हणून मी कूलिंगला चैन म्हणायला तयार नाही. हेही लक्षात ठेवा की स्प्लिटमधली जाळी धुराचे बारीक कण पकडत नाही, त्यासाठी हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर वेगळाच लागतो.

पैशांचं खरं सांगायला हवं, कारण मीटिंगमध्ये कोणीतरी "बिल अर्धं होईल" म्हणेल आणि मग विश्वास उडेल. वीज इथे युनिटला 40 सेंटच्या आसपास पडते, गॅस थर्मला (गॅस मोजायचं एकक) अडीच डॉलरच्या आसपास. एका थर्ममध्ये 29 युनिटांएवढी उष्णता, त्यातली जुन्या स्टीम सिस्टीममधून घरात पोचते साधारण 19, म्हणजे घरात आलेल्या उष्णतेचं एक युनिट 13 सेंटला. हीट पंपने 40 भागिले 3, तेही 13 सेंटच. बरोबरीत सुटतं. फायदा होतो तो दुसरीकडे: खिडकी उघडून उष्णता बाहेर सोडणं थांबतं, नसलेल्या माणसाची खोली कोणी तापवत नाही, आणि इलेक्ट्रिक घरांसाठीचा वेगळा रेट प्लॅन घेऊन संध्याकाळी 4 ते 9 ही महाग विजेची वेळ टाळून घर आधीच तापवून ठेवलंत तर थोडं कमीही येतं. फेडरल सरकारचं टॅक्स क्रेडिट 2025 अखेर संपलंय, त्यामुळे जुन्या कोटेशनमध्ये ते वजा करून दाखवलं असेल तर तो आकडा खोडा. बेरेन या बे एरियातल्या सरकारी ऊर्जाबचत संस्थेच्या मल्टिफॅमिली, म्हणजे अनेक घरांच्या बिल्डिंगांसाठीच्या, योजनेत काही मिळतंय का ते मात्र विचारा.

आणि माणसांचं. आत्तापर्यंत हीटिंगचा खर्च मेंटेनन्समध्ये सगळ्यांत वाटला जायचा, आता तो ज्याच्या त्याच्या बिलात जाणार. आजींचं घर गॅरेजवर, जास्त थंड, त्यांचं बिल तुमच्यापेक्षा जास्त येणार, आणि त्यांच्या हातात तर पेन्शनच असेल. म्हणून गॅरेजच्या सीलिंगचं आणि वरच्या छताचं इन्सुलेशन हे एचओएच्या रिझर्व्ह फंडातून, आधी, सगळ्यांच्या पैशाने झालं पाहिजे, ही अट तुम्ही स्वतः मांडा. वरच्या मजल्यावरच्या माणसाने आजींची बाजू मांडली की मीटिंगचा सूर बदलतो, आपल्या सोसायट्यांतही हेच बघितलंय. गॅरेजचं सीलिंग आगरोधक असतं तेव्हा ते काम परमिट घेऊनच. खिडक्यांना सध्या फटींच्या पट्ट्या आणि आतून लावायची दुसरी काच पुरे, रस्त्याकडची खिडकी बदलायची तर प्लॅनिंग डिपार्टमेंटची मंजुरी लागते. गच्ची आणि बाहेरची भिंत कॉमन असल्याने प्रत्येकाला जागा द्यायला 67 टक्के मतं लागू शकतात, सीसी अँड आरची, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या नियमांची, कागदपत्रं आधी वाचून जा.

बॉयलर काढताना तीन गोष्टी विसरू नका. पाइपांवरचं जुनं पांढरं आवरण अॅस्बेस्टॉस असू शकतं, टेस्ट होईपर्यंत कोणालाही त्याला हात लावू देऊ नका. गरम पाण्याचा गॅस हीटर त्याच विटांच्या चिमणीत धूर सोडत असेल तर बॉयलर गेल्यावर एवढ्या मोठ्या चिमणीत तो धूर नीट वर चढत नाही, कार्बन मोनॉक्साइड खाली उतरू शकतो, म्हणून वॉटर हीटरचा निकाल त्याच वेळी लावा, जमलं तर चिमणीही उतरवा, भूकंपात विटांची चिमणी आधी कोसळते. आणि जोवर बिल्डिंगमध्ये गॅस आहे तोवर हादऱ्याने आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह आणि वॉटर हीटरला वर-खाली दोन पट्टे असलेच पाहिजेत. व्हॉल्व्ह एकदा हादऱ्याने बंद झाला की स्वतः परत उघडायचा नाही, पीजीअँडईला किंवा लायसन्सवाल्या प्लंबरला बोलवायचं, हे सासूबाईंनाही सांगून ठेवा कारण दिवसा घरी त्याच असणार.

मीटिंगच्या आधी तीन कोटेशन मागवा आणि प्रत्येकाकडून खोलीनिहाय लोड कॅल्क्युलेशन मागा, मॅन्युअल जे म्हणतात ते. जो ते न करता नुसतं स्क्वेअर फुटांवरून टन सांगेल त्याला बाजूला ठेवा. उरलेल्यांची लोडची पानं आणि तुमच्या पॅनेलचा फोटो मला पाठवा, मीटिंगच्या आधी बघून कळवतो.